ए-वन की बी-वन

मुनीर, तू गेल्यापासून ह्या घरात जहाजांवरून कोणी भांडत नाही. सवयीने दोन कप चहा ठेवला वगैरे मी सांगणार नाही. ते सगळेच सांगतात, आणि तसाही तुझा चहा तूच करायचास, माझा तुला पांचट लागायचा. पण परवा मी रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणालो, “अरे, आधी बूड बघ, बूड!” समोर कोणी नव्हतं. जिन्यातून वरच्या मजल्यावरची मल्याळी बाई चालली होती, तिने ऐकलं असणार. ऐकेना का. एकटा म्हातारा भिंतीशी बोलतो हे ओमानातल्या ह्या सलालाहमध्ये काही नवं नाही.

इथले लोक अजून मला वाटेत थांबवून सांगतात, मुनीरभाई म्हणजे जहाजांचा मोठा शौकीन माणूस. मी मान हलवतो. खरं काय ते मला ठाऊक आहे. तुझ्याइतका जहाजांना विटलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. पोर्टात टॅलीवर उभं राहून दिवसभर जहाजातून उतरणारे कंटेनर मोजायचे, त्यांचे नंबर टिपायचे, आणि घरी आल्याआल्या पहिलं काम काय, तर खिडकीचा पडदा ओढायचा. कारण तिथून लांबवर क्रेन दिसायच्या. आपण एकत्र राहायला लागलो तेव्हा मी एकदा भोळेपणाने विचारलं, आज कुठलं मोठं जहाज लागलंय? तर म्हणालास, “पास्कल, मी तुला घरी आल्यावर पावाबद्दल विचारतो का?” मी हॉटेलच्या बेकरीत आयुष्य काढलेला माणूस, मला ते एकदम पटलं. वर असंही म्हणालास की माझ्या मयताला कोणी जहाजाचं नाव काढलं तर मी उठून चालता होईन.

मग हा शौक आला कुठून? तुझ्या पोरीकडून, नाझियाकडून.

हे लिहायला जड जातं, पण वगळून पुढे जाता येत नाही. भाभी गावाला आजारी पडल्या तेव्हा नाझिया त्यांच्या उशाशी होती आणि तू इथे. रजा मागितलीस. अर्बाब, तुझा मालक, म्हणाला, पुढच्या महिन्यात, इन्शाल्ला. तू थांबलास. भांडला नाहीस, हातापाया पडला नाहीस, नुसता थांबलास. गावी पोहोचलास तेव्हा माती देऊनसुद्धा झाली होती. नाझिया दारातच म्हणाली, “अब्बा, तुम्ही तुमचं बंदर सांभाळा. आमचं आम्ही केलं.” हे तू मला एकदाच सांगितलंस, मासळी साफ करता करता, खाली मान घालून, आणि परत कधी त्या वाटेला गेला नाहीस. पुढे तिचं लग्न झालं. त्यात तू पाहुण्यासारखा उभा होतास म्हणे. ती नवऱ्याबरोबर कॅनडाला गेली आणि तुम्हा बापलेकीत उरलं काय, तर ईदेला ईद मुबारक. ते टाइप करायलासुद्धा तू अर्धा तास घ्यायचास.

तिचा पहिला फोटो आला तो दिवस आठवतो? तू चुलीपाशी होतास, मी कांदा कापत होतो. फोटोत लांबच लांब एक जहाज, किनाऱ्याला अगदी खेटून चाललेलं. तिकडची तळी म्हणजे समुद्रच, एका तळ्यातून दुसऱ्यात जायला मध्ये नदी, आणि त्या नदीच्या काठावर तिचं गाव. फोटोखाली एक अक्षर नाही. तू हात पुसलेस, चष्मा लावलास, बराच वेळ बघत राहिलास. मला वाटलं आता काहीतरी मायेचं लिहिशील. तू लिहिलंस, “जहाज उलटं का चाललंय? टग कुठे आहे?”

मीही बघितलं, आणि मलाही ते उलटंच वाटलं. आपल्या पोर्टात येणाऱ्या जहाजांची माडी मागे असते. कप्तान मागे, चिमणी मागे, पुढे नुसता माल. तळ्यातल्या त्या जुन्या बोटींचं तसं नाही. सुकाणूची केबिन अगदी नाकावर, इंजिन आणि चिमणी शेपटाला, मधे लांबलचक सपाट पाठ. तू केबिन बघितलीस आणि तेच बूड, म्हणजे बोटीची मागची बाजू, धरलंस. मग तुला घोर लागला की एवढ्याशा पाण्यात, ओढून नेणारी टग-बोट न लावता, हा कप्तान मागे मागे कुठे निघालाय. दुसरा कोणी बाप असता तर ‘छान फोटो’ म्हणून मोकळा झाला असता. अशी चूक करायला जन्म धक्क्यावर घालवावा लागतो.

आणि उत्तर आलं. ती हसून डोळ्यांत पाणी आलेली पिवळी तोंडं, ओळीने. खाली लिहिलेलं, “अब्बा, इथे केबिन पुढेच असते.” अब्बा. तू तो फोन माझ्यापुढे धरलास आणि म्हणालास, वाच. मी वाचलं. परत म्हणालास, मोठ्याने वाच. त्या दिवशी कालवण करपलं आणि आपण ते तसंच खाल्लं.

झालं, दुसऱ्या दिवसापासून तुला शौक लागला. नाझिया ज्या कॉफीच्या दुकानात कामाला होती, तिथे भिंतभर जुन्या बोटींचे फोटो काचेच्या चौकटीत लावलेले. त्यातला एकेक ती पाठवायला लागली, सकाळी दुकान उघडलं की. तिची सकाळ म्हणजे आपली चहाची वेळ. नाव नाही, माहिती नाही, नुसता फोटो. ओळखून सांगायचं काम तुझं. आणि तुला तर बोटीचं पुढचं-मागचं कळत नव्हतं.

मग आपण दोघं म्हातारे मोबाइलमध्ये डोकं घालून शिकायला बसलो. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत अमेरिकेला लोखंडाची माती कारखान्यांपर्यंत न्यायची घाई होती, म्हणून सरकारने तळ्यातल्या मालबोटींची एक खेप बांधायला काढली. काम दोन कारखान्यांत वाटून दिलं. लांबी तीच, रुंदी तीच, काम तेच. कागदावर एकीला ए-वन म्हणायचं, दुसरीला बी-वन. त्यात भर म्हणून त्याच सुमाराला एका पोलाद कंपनीने स्वतःच्या काही बांधल्या, जरा लांब, त्यांना सगळे सुपर म्हणतात. लांबून बघशील तर सगळ्या सारख्या. तू त्यांना चुलत बहिणी म्हणायचास. जवळून बघितलं तर एकीची केबिन ठोकळ्यासारखी, दुसरीची जरा कोपरे मोडलेली. एकीचं बूड पाण्यात सरळ उतरतं, दुसरीचं आत दबतं. तेसुद्धा बोट मूळची तशीच राहिली असेल तर. कुणाचं इंजिन बदललेलं, कुणाच्या पाठीवर माल उतरवायचा लांब हात बसवलेला, कुणाची केबिनच नवी. कवळी लावलेल्या म्हातारीला लहानपणच्या फोटोत शोधायचं, तसलं काम.

मी बुडाचा माणूस. पाव नीट भाजला की नाही ते उलटा करून, बुडावर टिचकी मारून कळतं, वरच्या रंगावर जाणारा फसतो. तू टॅलीवाला, जिथे नाव रंगवलंय तिथे आधी बघणार. त्यावरून आपण किती भांडलो रे! एकदा तर तू रागाने माझ्या हातची शुक्रवारची मासळीसुद्धा अर्धी टाकलीस. संध्याकाळी गुपचूप येऊन म्हणालास, बूड आत दबलंय, तुझं बरोबर. आणि नाझियाला मात्र लिहिलंस की मी लगेच ओळखलं.

मला त्यात खरीच गोडी लागली. पीठ फुगायला ठेवलं की मी बेकरीच्या मागच्या पायरीवर बसून त्या बोटी बघायचो. त्यांचा तो लांबट, थकलेला चेहरा मला आवडायचा. बहुतेक भंगारात गेल्या, एखाद-दुसरी अजून चालते म्हणे. तुला हे मी कधी सांगितलं नाही. तू टोमणे मारून जीव खाल्ला असतास.

तुला कसली गोडी होती तेही मला हळूहळू कळलं. एकदा तू फोटो मोठा करून करून बघत होतास आणि बोटीचा भाग स्क्रीनच्या बाहेरच गेला होता. मी ओरडलो, बूड डावीकडे आहे, तू कोपऱ्यात काय शोधतोस? तू फोन माझ्याकडे केलास. चौकटीच्या काचेत एक सावली पडली होती. हात वर करून फोटो काढणारी बाई, डोक्याला रुमाल, खांदे बारीक. “रोडावलीय,” तू म्हणालास. त्यानंतर प्रत्येक फोटोत तू आधी काच बघायचास आणि मग बोट. मी तेवढा वेळ गप्प बसायचो, आणि मी गप्प बसणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

आपलं खरं भांडण बोटींवरून नव्हतंच. मी म्हणायचो, तिला लिही. माफ कर म्हणून लिही, दोन शब्दांचं काम आहे, बोट कुठली ते मी सांगतो. तू म्हणायचास, नंतर. आधी ह्या फोटोचं नक्की करू. मी म्हणायचो, लेका, पोरगी तुला बोटींची परीक्षा द्यायला लावत नाही, तुझ्याशी बोलायला बघते. तुला हे पटायचं नाही. तू म्हणायचास, तिला जहाजं आवडतात, लहानपणी मी तिला पोर्टाच्या जाळीपाशी न्यायचो ना, तिथून लागलं तिला. चुकीचं काही बोललो तर हेही जाईल. मी बिनलग्नाचा माणूस, तुला बापपण शिकवायला कोण लागून गेलो? म्हणून मी जास्त ताणलं नाही. आता वाटतं, ताणायला हवं होतं. राग तुझ्यावरच येतो, माझ्यावर नाही. तुझी बोटं शाबूत होती, फोन हातात होता.

शेवटचा फोटो गुरुवारी आला. बर्फात उभी बोट, फक्त पुढचा अर्धा भाग, बूड चौकटीच्या बाहेर. माझा आधारच गेला. केबिन बघून तू म्हणालास बी-वन. मी म्हणालो केबिन नवी बसवलेली दिसते, त्यावर जाऊ नकोस, ही ए-वन. तू हटेनास, मी हटेना. नाझियाला काही कळवलं नाहीस. म्हणालास, उद्या जेवताना बघू.

शुक्रवारी मी मिस्साला गेलो. आपला नेम ठरलेला, मी चर्चमधून येताना मासळी आणायचो, तू जुम्म्याहून यायचास आणि मग एकत्र जेवण. मासळीच्या दुकानात असतानाच फोन आला. शेजारच्या बंगाल्याने तुला गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं होतं. मी पोहोचलो तेव्हा तो बाहेर उभा होता. म्हणाला, खलास, चाचा. मासळीची पिशवी माझ्या हातात होती आणि ती कुठे ठेवायची ते मला कळेना.

नाझियाला सांगायचं काम माझ्यावर आलं. तिकडे पहाट होती. झोपेतून उठवून काय सांगायचं म्हणून मी तिची सकाळ होईपर्यंत थांबलो. नंबर तुझ्याच फोनमध्ये होता, म्हणून तुझ्याच फोनवरून लावला. मला वेड्याला सुचलं नाही की तिकडे तुझं नाव उमटेल. इतक्या वर्षांत तू तिला कधी फोन केला नव्हतास. पहिल्याच घंटेला उचलला तिने. आवाज हसरा होता. म्हणाली, “अब्बा, फोन? एवढी कठीण होती का ती?”

मुनीर, तो आवाज तू ऐकायला हवा होतास. मला नको होता तो. माझ्या वाट्याला का आला, हे मी त्या दिवसापासून देवाला विचारतोय.

तिला येणं जमण्यासारखं नव्हतं. वाट बघू नका, म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर जमातीच्या लोकांनी तुला नेलं. मी मागे उभा होतो, हात कसे धरायचे ते न कळून. मग तुमच्यातल्याच एका म्हाताऱ्याने मला दंडाला धरून पुढे नेलं आणि म्हणाला, तुम्हीपण माती द्या, तुम्ही घरचे. आमच्यातही माती घालतात, मुनीर. तेवढं मला येत होतं. परतताना सगळे तुझ्या जहाजांच्या शौकाबद्दल बोलत होते, अगदी गाडीत बसेपर्यंत. तू काही उठून चालता झाला नाहीस.

आता मुख्य गोष्ट सांगतो, ह्यासाठीच लिहायला बसलो. मागच्या आठवड्यात नाझियाचा फोन आला, माझ्या नंबरवर. तिचं मराठी अडखळत चालतं, इथल्या इंडियन स्कूलची पोरगी ती, मध्येच इंग्लिशमध्ये शिरते. आधी माझी तब्येत विचारली. मग म्हणाली, अंकल, अब्बांचं शिप्सचं खूप सामान असेल ना, बुक्स, मॉडेल्स, ते मला पाठवाल का? मी खोलीभर नजर फिरवली. तुझी नमाजाची जानमाज, चष्मा, तीन शर्ट, भाभींचा फोटो. तिला म्हणालो, बाय, जहाजाचं म्हणशील तर एक चित्रसुद्धा नाही.

तिला ते खरं वाटेना. मग तिने तिच्या बाजूचं सांगितलं. तिला बोटींतलं काहीही कळत नाही. त्या भिंतीवरच्या सगळ्या तिला एकसारख्या दिसतात. रोज सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत ती स्टुलावर चढायची, काचेवर उजेड येऊ नये म्हणून चौकट तिरकी करायची, मालक हसायचा. ती त्याला सांगायची, माझे वडील ओमानला असतात, शिप एक्सपर्ट आहेत. तू जो बंदराचा हट्ट धरून बसलास, आईला सोडून बसलास, तो जहाजांच्या प्रेमापायी, असं तिने मनाशी धरलं होतं. त्या प्रेमाला आधी ती शिव्या द्यायची. मग म्हणाली, बापाला तेच आवडतं तर तेच पाठवू. “मला शिप्स नाही आवडत, अंकल. अब्बांना आवडतात म्हणून.”

गप्प बसता आलं असतं. पोरगी दुःखात, बाप मातीत, कशाला उकरा. पण माझ्या जिभेला हाड नाही हे तू आयुष्यभर म्हणत आलास. मी म्हणालो, “बाय, तुझ्या अब्बाला जहाजांचा वीट होता. बोटीचं पुढचं-मागचं कळत नव्हतं त्याला. तुला आवडतात म्हणून शिकला तो.” आणि तेवढ्यावर थांबलो नाही. रजेचं सांगितलं, तू न भांडता थांबलास ते सांगितलं, माफी मागायची होती आणि धीर झाला नाही तेही सांगितलं. काचेतली सावली सांगितली. तुला न विचारता सांगितलं. रागावायचं तर रागाव.

  आधी ती हसायला लागली, आणि हसता हसता असं रडायला लागली की मी फोन कानापासून जरा लांब धरला. म्हणाली, म्हणजे आम्ही दोघं उगाच... मी म्हणालो, उगाच कसं गो? बोलत होतात ना. तिने नाक ओढलं. अब्बा चिडका होता ना, म्हणाली. मी म्हणालो, भयंकर.

मग ती शांत झाली. दुकान उघडायची वेळ झाली असावी, मागे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता. सरळ कामाचं बोलावं तसं तिने विचारलं, मग अंकल, आता फोटो नको ना पाठवू? शहाण्या माणसाने म्हटलं असतं, नको पोरी, उतर त्या स्टुलावरून, पुरे झालं. मी तोंड उघडलं तेही तेवढ्यासाठीच.

“पाठव गो, बाय,” मी म्हणालो. “मला आवडतात. मी एकटाच असतो इथे.”

असं मी आजवर कुणाला म्हटलं नव्हतं, मुनीर. तुलासुद्धा नाही.